‘ऑल बाय मायसेल्फ’ आणि राखमानिनोव्ह: पियानोच्या सरावाची नोंद

अमेरिकन गायक एरिक कार्मेन यांचे १९७५ सालचे ‘ऑल बाय मायसेल्फ’ हे गाणे मी सध्या पियानोवर बसवत आहे. त्याच्या कडव्याची चाल रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) संथ भागातून घेतलेली असल्यामुळे आधी मूळ रचनाच हाताखाली घालायची, असे मी ठरवले. १८९७ मध्ये पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) अपयशी ठरल्यावर राखमानिनोव्ह यांचे लेखन जवळजवळ थांबले होते. डॉ. निकोलाय दाल यांच्या उपचारांनंतर १९००–०१ मध्ये त्यांनी हा कॉन्चेर्टो पूर्ण केला आणि तो त्या डॉक्टरांनाच अर्पण केला.

खरा कस लागला तो लयीचा. पियानोची सुरुवातीची आकृती कागदावर तीन-तीन स्वरांच्या गटांत लिहिलेली आहे; मात्र तिची वळणे चार-चार स्वरांवर येतात, त्यामुळे बारा स्वरांच्या त्याच आवर्तनात चार गट आहेत की तीन, याचा ऐकणाऱ्याला निवाडा करता येत नाही आणि बासरी सुरू झाल्यावरच मात्रांची खरी जागा उमगते. भजनात पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला यावर एक उपाय सहज सुचतो. हाताने चार मात्रा धरून तोंडाने आधी ‘तकिट’ चारदा म्हणायचे, मग तेवढ्याच वेळात ‘तकदिमि’ तीनदा म्हणायचे, आणि पढंत (बोल तोंडाने म्हणणे) स्थिरावल्यावरच पट्ट्यांना हात लावायचा. आता संथ लयीत दोन्ही हात सुटे पडत नाहीत. लय वाढवली की डावा हात अजून घाई करतो.

बासरीनंतर ही सुरावट क्लॅरिनेटकडे जाते. फोंड्याजवळच्या एका बँडमध्ये फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) क्लॅरिनेट वाजवणारे एक ज्येष्ठ वादक माझ्यासोबत वाजवायला तयार झाले, ही या टप्प्यातील सर्वांत आनंदाची गोष्ट आहे. मूळ ई मेजर ही स्वरपट्टी बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजवायची तर, त्याचे सूर एक पूर्ण स्वर वर लिहावे लागत असल्यामुळे, सहा शार्प (चढे स्वर) सांभाळावे लागतात, म्हणून आम्ही अर्धा स्वर खाली, ई-फ्लॅट मेजरमध्ये उतरलो. त्यांना ते एफ मेजर पडते आणि फुंक मोकळी राहते. माझी बोटे मात्र मला नव्याने लावून घ्यावी लागली.

आपल्या जत्रांमधील संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि ‘चाल अमुक’ असे लिहिलेले असते, आणि चाल कुठून घेतली ते उघड सांगणारी ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. कार्मेन यांची समजूत मात्र अशी होती की राखमानिनोव्ह यांचा कॉन्चेर्टो सर्वत्र स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. अमेरिकेबाहेर तसे नव्हते, म्हणून पुढे राखमानिनोव्ह यांच्या वारसांशी मानधनाचा करार झाला. घेतलेल्या सुरांचे कार्मेन यांनी नुसते अनुकरण केले नाही, हेही सांगायला हवे: ध्रुवपद त्यांनी स्वतःच्याच एका जुन्या गाण्यावरून रचले. तरीही कडव्यातील दुःख मला अधिक खोल वाटते, कारण तिथे सूर जवळजवळच्या पायऱ्यांवर फिरतात आणि आवाज चढवावा लागत नाही.

यापुढे गाण्याच्या मोठ्या आवृत्तीतील पियानोचा दीर्घ मधला भाग घ्यायचा आहे. तोवर कडवे आणि मूळ सुरावट एकापाठोपाठ, न थांबता वाजवण्याचा सराव चालू ठेवणार आहे.