हंगामाचा सण आणि लिलावातला भोपळा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दिवाळी झाली की हंगामाचा सण असायचा, काही ठिकाणी कापणीचा सण म्हणतात, आणि खरं सांगू का, लहानपणी मला नाताळापेक्षा हाच आवडायचा, कारण नाताळात नाटकात मेंढपाळ व्हावं लागायचं आणि इथं नुसतं खायचं आणि लिलाव बघायचा. आदल्या रात्री तरुण संघाची पोरं दाराला ऊस आणि केळीचे खांब बांधायची. सकाळी लोकांनी अर्पण म्हणून आणलेल्या पिकाची पुढं सगळी रास लागायची, तिचाच मग लिलाव, बाजरी, कांदे, मेथीच्या जुड्या, अंडी, आणि पाय बांधलेल्या गावरान कोंबड्या, ज्या नेमक्या पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थनेला डोळे मिटायला सांगायचे तेव्हाच कलकलाट करायच्या.

उपदेश बहुतेक ठरलेला, आकाशातली पाखरं पेरत नाहीत की कापत नाहीत तरी स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो. मग साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. माझी आज्जी दरवर्षी १९७२ च्या दुष्काळाचीच साक्ष द्यायची, आम्हाला पाठ झालेली. दुष्काळी कामावर खडी फोडायची, पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, आणि शेवटी म्हणायची "प्रभूनं पुरवलं, एक दिस चूल थंड राहिली नाही". मी कॉलेजला गेल्यावर शहाणपणा करून म्हटलं, आज्जी ते सरकारनं पुरवलं. तर म्हणाली, "मग सरकारला कुणी सुचवलं?" आता ह्यावर काय बोलणार.

पाळक साहेबांची आवडती गोष्ट म्हणजे केडगावच्या पंडिता रमाबाईंची. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेगमुळं एवढ्या मुली ठेवू देईनात म्हणून केडगावच्या शेतावर नेल्या, तेच पुढं मुक्ती मिशन झालं. बाईंच्या कामासाठी अमेरिकेत निघालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८ ला संपत आली आणि इकडं खाणारी तोंडं तर वाढलेली, तरी बाई प्रार्थना करत राहिल्या. पण त्याच वेळी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई असली कामं शिकवली. पाळक साहेब हे विहिरींचं मुद्दाम ठासून सांगायचे, कारण मंडळीत काही जण प्रार्थनेवर टाकून निवांत बसणारे होतेच. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागायची, ह्याच बाईंचे आईवडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळात उपासमारीनं गेले होते. मग तेव्हा पुरवठा का नाही झाला? हे मी संडे स्कूलमध्ये विचारलं होतं, टीचर म्हणाल्या प्रार्थना कर. उत्तर मला आजही मिळालेलं नाही, पण एवढं सोसून ती बाई परत दुष्काळातच शिरली ह्याचं नवल वाटतं.

बरं, लिलाव. आमच्यातले एक रिटायर मास्तर बोली लावायचे, भोंगा नसला तरी चाललं असतं असा आवाज. "पन्नास एकवार, पन्नास दोनवार..." आणि कुणीतरी मागून "साठ!" बाजारात ज्याला दहा रुपये कुणी दिले नसते तो भोपळा तीनशेला जायचा. घेणारा तो घरी न्यायचाच नाही, परत लिलावात टाकायचा, परत बोली, असा एकच भोपळा चारदा विकलेला मी पाहिलाय. शेवटी तो जायचा कुठं हे मला खूप उशिरा कळलं. पाळकबाई आणि महिला मंडळाच्या बायकांना पक्कं माहीत असायचं कुणाच्या घरी ह्या महिन्यात ओढाताण आहे, कुणाचा नवरा दवाखान्यात आहे, कुणाची बाजरी जळाली, आणि संध्याकाळी प्रीतिभोजनाची भांडी घासून झाली की पिशव्या बरोबर त्याच घरी जायच्या, वर "चर्चमध्ये उरलं होतं, खराब होईल" असं सांगून. त्या घरातली बाई पुढच्या वर्षी साक्षीला उभी राहून सांगायची, प्रभूनं पुरवलं. तेव्हा मंडळाच्या बायका अगदी साळसूदपणे आमेन म्हणायच्या.

आता क्यूआर कोड लावलाय, लिलाव व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर पण चालतो, बाहेर नोकरीला गेलेली पोरं तिकडून बोली लावतात आणि रेंज गेली की मास्तरांच्या जागी आलेला पोरगा "दोनवार, दोनवार" करत ताटकळतो. मागं मस्कतहून एकानं कोंबडा घेतला, चांगला दीड हजाराला. आता ह्याला द्यायचा कसा म्हणून सगळे हसायला लागले, तर तो फोनवरून म्हणाला, पाळकबाईंना विचारा, त्यांना माहीत असेल कुणाकडं पाठवायचा.