झाकण

दुपारी घरात एकटा असलो आणि फ्रिजमध्ये अर्धा कोबी दिसला, की मला कोण आनंद होतो. पोळ्या सकाळच्या असतात, भाजीला दहा मिनिटं पुरतात, आणि त्या दहा मिनिटांत 'अरे, झाकण ठेव' म्हणणारं मागे कोणी नसतं.

कोबीच्या परतून भाजीवर झाकण ठेवायचं नाही, हे माझं मत आता हट्टात जमा झालंय. कोबीत शंभरातले ९२ भाग पाणीच. त्यावर झाकण घातलं आणि मीठही आधीच टाकलं, की ते सगळं कढईत उतरतं. मग परतायचं काय? वर तो वास. जिन्यात पाऊल टाकताच कोणाकडे कोबी आहे ते कळतं, तो फार शिजलेल्या कोबीचा. त्यातली गंधकाची भानगड शिजवू तितकी वाढते. भरभर परतला तर वास नाही, क जीवनसत्त्वही बरंचसं टिकतं. हे मी बायकोला सांगतो. ती "बरं" म्हणते आणि झाकण ठेवते.

आत्या तर झाकणावर पाणीही ठेवायची. ती विळीवर बसली की मी पुढ्यात फतकल मारायचो. गड्डा पात्यावर फिरायचा आणि खाली परातीत दोऱ्यासारखा बारीक कोबी पडत राहायचा. तिचं लक्ष मात्र भलतीकडेच, शेजारणीशी गप्पा चालू. शेवटी उरायचा मधला दांडा. तो माझा. मीठ लावून कचाकचा खायचा, चुलतभाऊ यायच्या आत. मग फोडणीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कोबी, आणि वर पाणी घातलेली ताटली. डाळ कच्ची वाटली तर तेच कढत पाणी चमचाभर भाजीत. "गार पाणी घातलंस तर भाजी रुसते," म्हणायची.

त्या घरात आजोबांची कवळी होती. ताटलीचं खरं कारण तेच असावं, हे मला अगदी अलीकडे सुचलं. आत्याला विचारायचं राहिलं.

चायनीजच्या गाडीवर कोणी झाकण ठेवताना पाहिलंय? तिथली शेगडी घों घों करत असते, काळी कढई धुरावलेली, आणि मूठभर कोबी-गाजर-ढोबळी मिरची हवेत उडून परत खाली. मिनिटभरात काम तमाम. घरच्या गॅसची ती ऐपत नाही. म्हणून कढई आधी सणसणीत तापवायची आणि भाजी थोडी थोडी घालायची. सगळा ढीग एकदम ओतला की कढई गार पडते. कोबी धुवायचा तो चिरायच्या आधी. मीठ उतरवताना. तेल चमचाभर पुरतं. ओलं खोबरं मात्र मी मोजत नाही, तिथे माझी पौष्टिकता संपते.

पीठ पेरून ढोबळी मिरची करायची असेल तर झाकण लागतंच, तेही मंद आचेवर, कडेने तेल सोडत. ते मला मान्य आहे. पण त्या भाजीत तेल किती गेलं, हे कोणी विचारू नये.