पिवळी रेघ

आमच्या काउंटरवर, स्कॅनरच्या शेजारी, एक पेन असायचं. नोट खरी की खोटी ते बघायचं पेन. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा डाग पडायचा ना, तोच प्रकार. साध्या कागदात स्टार्च असतो, त्यावर या पेनाची रेघ काळपट उमटते. डॉलरची नोट कापूस आणि लिननची, तिच्यावर फिकट पिवळी. दुकानाचा नियम असा की 50 आणि 100 च्या नोटेला पेन लावायचं. 20 च्या नोटेबद्दल नियमात काहीच नव्हतं.

मी अमेरिकेत, मिनिआपोलिसमध्ये फार्मासिस्ट आहे. मूळची सांगलीची, वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यांच्याकडे खोटी नोट आली की ते ती उजेडात धरायचे, गिऱ्हाइकाकडे परत सरकवायचे आणि म्हणायचे, "दादा, ही जरा बदलून द्या." विषय संपला. पोलिसांना बोलवावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नसतं.

शुक्रवार, 29 मे 2020. चार दिवसांपूर्वी, सोमवारी संध्याकाळी, 38वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारलं होतं. 46 वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस. 20 डॉलरची नोट खोटी वाटली म्हणून दुकानातून फोन गेला आणि डेरेक शॉविन नावाच्या पोलिसाने त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला. सुरुवातीला सगळे 8 मिनिटं 46 सेकंद म्हणत होते. खटल्यात ते 9 मिनिटं 29 सेकंद निघालं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक काय होतं? पोलिसांशी संबंध आला असताना 'वैद्यकीय घटना' होऊन एकाचा मृत्यू! औषधाच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असं निदान मी वाचलं नव्हतं. 17 वर्षांच्या एका मुलीने फोनवर सगळं टिपलं नसतं तर कागदावर तेवढंच राहिलं असतं.

निदर्शनं पेटली आणि गुरुवारी रात्री 'थर्ड प्रिसिंक्ट' नावाचं पोलीस ठाणं जळालं. शुक्रवारी सकाळी गाडीच्या काचेवर राखेचा थर होता. बस आदल्या दुपारपासून बंद. लेक स्ट्रीटच्या बाजूची औषधाची दुकानं कुठे जळालेली, कुठे फुटलेली, उरलेली प्लायवूड ठोकून बंद. त्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे यायला लागली.

बाहेरून बघणाऱ्याला यात काय एवढं असं वाटेल. पण प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या दुकानातून ट्रान्सफर करायचं तर तिथे कोणीतरी फोन उचलावा लागतो, आणि जळालेल्या दुकानात कोण उचलणार? लोक रिकाम्या बाटल्या घेऊन येत होते. मी लेबलं वाचायची, डॉक्टरच्या ऑफिसला फोन लावायचा, ताटकळायचं, तोंडी नवीन प्रिस्क्रिप्शन घ्यायचं. एका माणसाने डब्यात बर्फ घालून इन्सुलिन आणलं होतं. घरची वीज गेली होती. "हे अजून चालेल का?" मी म्हटलं, बहुतेक इन्सुलिन बाहेर 28 दिवस राहतं, पण बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलं तर वाया जाईल. त्याने तिथल्या तिथे बर्फ आमच्या सिंकमध्ये ओतला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला.

मधल्या वेळात फोन बघितला. मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सूर. झालं ते वाईटच, पण दुकानं जाळून काय मिळतं? आपण बरे, आपलं काम बरं. खरं सांगायचं तर बुधवारी रात्री मीही तसंच काहीतरी लिहून मोकळी झाले होते.

अकराच्या सुमारास त्या बाई आल्या. सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या. रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन. बस नाहीत म्हणून नातवाने गाडीतून आणलं होतं. तो दाराजवळ थांबला. बाईंची एक सवय होती, जिचा मला राग यायचा. साधं च्युइंगगम घेतलं तरी पिशवी हवी आणि पावती हवी. पावती पिशवीला बाहेरून स्टेपल करून. किती तो कागद वाया, असं मला दर वेळी वाटायचं.

त्यांनी प्लास्टिकच्या पडद्याखालून 20 ची नोट सरकवली. मी ती घेतली आणि माझा हात पेनाकडे गेला.

मी ठरवून काही केलं नाही. हात आपोआप गेला. पेनाचं टोपण निघेपर्यंत माझं मलाही कळलं नाही. कळलं ते बाई त्या पेनाकडे बघत होत्या म्हणून.

"लाव," त्या म्हणाल्या. "लाव ना. थांबू नकोस."

मी लावलं. पिवळी रेघ.

"काळी आली असती तर?"

"तर तुम्हाला परत दिली असती," मी म्हटलं. माझ्या तोंडून सांगलीचं दुकान बोललं.

"हो, मला दिली असतीस." त्यांनी मान मागे वळवून दाराकडे बघितलं. "त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उरलेली चिल्लर मोजून दिली, पिशवी भरली, पावती बाहेरून स्टेपल केली. पिन बसली त्या क्षणी ती पावती कशासाठी असते ते माझ्या लक्षात आलं. दाराशी, रस्त्यावर, गाडीत, कोणी अडवलं तर दाखवायला. मी इतकी वर्षं कागदाचा हिशोब करत बसले होते.

त्या गेल्यावर मी आमच्या टेक्निशियनला विचारलं, मी 20 च्या नोटा नेहमी तपासते का गं? ती सोमाली मुलगी, कॉलेज करून आमच्याकडे काम करणारी. गोळ्या मोजता मोजता, वर न बघता म्हणाली, "नेहमी नाही. माझ्या काकांची तपासता." आणि पाच-पाचच्या गोळ्या पुढे ढकलत राहिली.

त्या दुपारी बाईंच्या फाइलमधला किडनीचा रिपोर्ट काढून बघितला. तेव्हा अशा रिपोर्टवर दोन आकडे छापून यायचे, एक कृष्णवर्णीयांसाठी आणि एक बाकी सगळ्यांसाठी. क्रिएटिनीन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, त्यावरून किडनीचं काम काढायचं एक सूत्र असतं. रक्तातलं क्रिएटिनीन तेच, पण वंश घातला की सूत्र किडनीचं काम सुमारे 16 टक्क्यांनी जास्त दाखवायचं. म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. 2021 मध्ये हे सूत्र बदललं. मेटफॉर्मिनचा डोस बरोबर आहे ना, हे मी त्याच छापील आकड्यावरून पडताळत आले होते. सूत्र कोणी केलं, का केलं, एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी शॉविनवर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली. रात्री आठपासून कर्फ्यू. आम्ही लवकर शटर ओढलं.

पुढच्या वर्षी, मार्चच्या शेवटी, खटला थेट दाखवत होते. मी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत फोनवर बघत होते. ज्याने ती नोट घेतली तो 19 वर्षांचा कॅशियर साक्ष देत होता. नोट त्याला निळसर वाटली होती. खोटी नोट घेतली तर पगारातून कापतात असा त्यांच्या दुकानाचा नियम, तर भरून टाकू आपणच, असा विचार त्याने केला होता. मग मन बदललं आणि मॅनेजरला सांगितलं. नोट मी घेतलीच नसती तर हे टळलं असतं, असं तो म्हणाला. माझा डबा तसाच राहिला.

पेन आता ड्रॉवरमध्ये असतं. 50 आणि 100 ला काढते, सगळ्यांच्या.

त्या बाई अजून येतात. माझ्याशी नीट बोलतात, नातवाच्या कॉलेजचं सांगतात. नोट मात्र त्यांनी त्यानंतर कधी दिली नाही. कार्ड सरकवतात. पावती बाहेरून स्टेपल करायला मी आता विसरत नाही, आणि ती बसली आहे की नाही ते त्या अजूनही बोटाने दाबून बघतात.