आमची वाटचाल : मुलांच्या पट्टीतलं संगीत नाटक

आमचा मूळ धंदा ड्रेपरीचा. सासऱ्यांनी तो सांगलीत उभा केला. गणपती-नवरात्रातल्या नाटकांना शालू, पगड्या, अंगरखे, पडदे भाड्याने द्यायचे. मी घरीच गाण्याचे क्लास घ्यायचे. या दोन कामांतून तरुण मुलामुलींची संगीत नाटक मंडळी जन्मली आणि आज घरखर्च बराचसा तिच्यावरच चालतो.

मराठी रंगभूमीची सुरुवात ज्याने झाली ते 'सीता स्वयंवर' विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली केलं ते याच गावात. नाटककार गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. बालगंधर्वांनी तोंडाला पहिल्यांदा रंग लावला तो मिरजेत. एवढं असूनही माझे विद्यार्थी नाट्यगीत शिकायचे ते स्पर्धेपुरतं. पद कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, त्याआधी काय घडलंय, याचा पत्ता नसायचा. प्रसंगावाचून पद शिकवणं मला पटेना, म्हणून अख्खं नाटकच बसवायचं ठरवलं.

देवलांचं 'शारदा' निवडलं. १८९९चं नाटक, पण नायिका आमच्या मुलींच्याच वयाची आणि तिचं लग्न पैशांसाठी म्हाताऱ्याशी ठरतंय. मुली तालमीत खरोखर चिडायच्या. देवलांची पदं बोलण्याला चिकटून येतात. उलट 'मानापमान' नाटकातल्या गोविंदराव टेंब्यांच्या चालींना गळ्याची जी तयारी लागते, तिला काही वर्षं द्यावी लागतात. शिवाय देवल १९१६ साली गेले, त्यामुळे संहितेवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. नवख्या मंडळीला हा मोठाच आधार. नऊवारी, पगड्या, उपरणी तर घरच्या ट्रंकांतच होती.

पाच अंकी नाटक आजच्या प्रेक्षकासाठी अडीच-तीन तासांत बसवावं लागतं. कोणतं पद गाळायचं यावरून आमच्याकडे जेवढे वाद झाले तेवढे पैशांवरूनही झाले नाहीत. संहिता पक्की केली, नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं, मग प्रयोग लावला.

सर्वांत जास्त मेहनत पट्टीवर, म्हणजे गाणाऱ्याने आपला 'सा' कुठे धरायचा यावर, गेली. जुन्या कंपन्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्यामुळे नायक-नायिका जवळपासच्या पट्टीत गायचे. आता शारदा काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गाते आणि नायक कोदंड काळी एकमध्ये. पाठोपाठ पदं आली की पायपेटी, म्हणजे पायाने हवा भरायचा ऑर्गन, वाजवणाऱ्याला मधल्या दोन-चार संवादांत सूर बदलून द्यावा लागतो. चौदा-पंधराच्या मुलांचे आवाज फुटत असतात. त्यांना ताणून गायला लावलं तर गळा कायमचा बिघडू शकतो. अशा मुलांना मी गद्य भूमिका देते आणि आवाज स्थिरावला की पदं. मूळ रेकॉर्ड ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायलं पाहिजे, असं सांगणारे जाणकार भेटतात. मला ते मान्य नाही. पोराच्या गळ्यात बसेल ती पट्टी खरी.

तिकीटविक्रीतून नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो आणि साथीदारांची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, निघाली तरी आम्ही समाधान मानतो. मंडळीला जगवलं सुपारीच्या, म्हणजे कुणीतरी ठरावीक रक्कम देऊन बोलावलेल्या, प्रयोगांनी. गावच्या यात्रा, ज्येष्ठ नागरिकांचे संघ, शाळांची स्नेहसंमेलनं. पहिल्यापासून एक नियम ठेवला : भूमिका केवढीही असो, प्रयोग संपला की प्रत्येकाच्या हातात नाइटचं पाकीट. रक्कम मोठी नसते. पण ते पाकीट घरी गेल्यावर पालक तालमीची वेळ विचारू लागले, दहावी-बारावीच्या वर्षातही पाठवू लागले.

२०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि ड्रेपरीही ठप्प झाली. संवादांची तालीम मोबाइलवर जमली. एकत्र गाणं मात्र जमेना, कारण आवाज मागेपुढे पोहोचतो. मग तंबोऱ्याच्या सुरावर प्रत्येकाने एकट्याने रियाज केला. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला, नेमक्या मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या प्रेक्षकांनिशी नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. २०२१मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरात उघडली. तोवर आमची पहिली पिढी नोकऱ्यांसाठी पुण्याला गेली होती. तिच्यातली आमची शारदा आता सुट्टीत येऊन नव्या मुलींना पदं सांगते.

सध्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'च्या तालमी चालू आहेत. साक्या आणि दिंड्या, म्हणजे त्यातली जुन्या वृत्तांतली सोपी पदं, मुलांनी पटकन उचलल्या. कृष्णाचा आवाज काळी दोनला स्थिरावलाय, नारद अजून ठरायचाय. पायपेटीचे काही सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, मिरजेहून दुरुस्त होऊन यायचेत, ते आले की रंगीत तालमीची तारीख काढू. पहिला प्रयोग दिवाळीनंतर.