तुम्ही विचारलंत म्हणून: पेलिपर आहे, मग पाऊस जातो कुठे?

"पोकेमॉनमध्ये पावसाची टीम बांधली. पेलिपर आहे, आर्चालुडॉन आहे, बॅरास्क्यूडा आहे. तरी हरतोय. पाऊस टिकतच नाही. काय करू?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहितोय. सगळं पोकेमॉन स्कार्लेट-व्हायलेटच्या डबल्सबद्दल आहे, म्हणजे सहातले चार निवडायचे, दोन-दोन एकदम मैदानात, लेव्हल ५०. सिंगल्सवाल्यांनी आकडे आपापले बदलून घ्यावेत. ड्रिझल म्हणजे मैदानात येताच पाऊस आणणारी अॅबिलिटी (अंगभूत गुण), स्विफ्ट स्विम म्हणजे पावसात वेग दुप्पट करणारी; यापलीकडे सांगत बसणार नाही. ते माहीत नसणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

पाऊस टिकायला हवा, ही समजूत जुन्या काळातली आहे. २०१०च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये पॉलिटोडने आणलेला पाऊस दुसऱ्या कुणी हवा बदलेपर्यंत पडतच राहायचा. तो इतका डोईजड झाला की स्मोगन या खेळाडूंच्या संकेतस्थळाने २०११ मध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एका टीममध्ये घेण्यावर बंदी घातली. २०१३ च्या एक्स-वायपासून अॅबिलिटीने आलेला पाऊस पाच टर्नचा झाला. सल्ले मात्र अजून २०१० चेच फिरतात.

पाच टर्न म्हणजे नेमके किती, हे तरी कितीजण मोजतात? पेलिपर लीडला (सुरुवातीच्या जोडीत) असेल तर पहिला ते पाचवा टर्न पाऊस, पाचव्याच्या शेवटी बंद. टर्नच्या सुरुवातीला स्विच करून आणलात किंवा मध्येच फ्लिप टर्नने (मारून परत येणारी, जागी साथीदाराला आणणारी मूव्ह) आणलात, तर तो चालू टर्नही पाचात धरला जातो. तुमचा एखादा मेला आणि टर्न संपल्यावर त्याच्या जागी पेलिपर आला, तर पुढचे पूर्ण पाच मिळतात. आणि सगळ्यात जास्त जण जिथे फसतात ते हे: पाऊस चालू असताना पेलिपर पुन्हा आणला तर काहीही होत नाही. मोजणी नव्याने सुरू होत नाही. चौथ्या टर्नला "पाऊस वाढवायला" पेलिपर आणणं म्हणजे टर्न फुकट घालवणं. पाऊस संपू द्या, मग आणा.

आता तो सामना. तुमच्यातल्या निम्म्या जणांनी मला जे रिप्ले पाठवलेत ते सगळे थोड्याफार फरकाने हेच आहेत, म्हणून टर्न टर्न उलगडतो.

तुमचे लीड पेलिपर आणि आर्चालुडॉन. समोर इन्सिनरोअर आणि फ्लटर मेन. टीम प्रिव्ह्यूमध्ये (सामन्याआधी दिसणाऱ्या सहांत) ऊन आणणारा टॉर्कोल दिसला होता, पण लीडला नाही म्हटल्यावर तुम्ही सुटकेचा श्वास सोडता. पहिला टर्न: इन्सिनरोअरचा फेक आउट आर्चालुडॉनवर, तो बिचकतो आणि त्याची पाळी जाते. पेलिपरचा टेलविंड (आपल्या बाजूचा वेग दुप्पट) मात्र लागतो. तुम्हाला वाटतं, चांगलंच झालं. पाऊस आहे, टेलविंड आहे, आता इलेक्ट्रो शॉट.

दुसरा टर्न. तुम्ही आर्चालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट फ्लटर मेनवर लावता, पेलिपरचा हरिकेन इन्सिनरोअरवर. समोरचा इन्सिनरोअर काढून टॉर्कोल आणतो. स्विच मूव्हच्या आधी होतो, त्यामुळे एकही मूव्ह व्हायच्या आत ऊन पडतं. हरिकेनची अचूकता उन्हात ५० टक्क्यांवर येते. वेदर बॉल लावला असतात तर तो आगीचा झाला असता आणि टॉर्कोलला गुदगुल्या करून गेला असता. फ्लटर मेनची प्रोटोसिंथेसिस (त्याचा सगळ्यात मोठा आकडा वाढवणारी अॅबिलिटी) ऊन पडताच चालू होते, आयटम खर्च न करता. आणि इलेक्ट्रो शॉट सुटतच नाही. पावसात तो त्याच टर्नला सुटतो. पाऊस नसेल तर पहिल्या टर्नला नुसता चार्ज होतो, स्पेशल अटॅक एक पायरी वाढतो, हल्ला पुढच्या टर्नला.

तिसरा टर्न. आर्चालुडॉन अडकलाय. मूव्ह बदलता येत नाही, स्विच करता येत नाही. तो काय करणार आणि कुणावर करणार हे समोरच्याला पक्कं माहीत आहे. फ्लटर मेन प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी मूव्ह) लावतो, टॉर्कोल इरप्शन. पूर्ण एचपीला १५० पॉवर, उन्हात दीडपट, दोघांवर जातो म्हणून पाऊणपट. आर्चालुडॉनच्या ड्रॅगन टाइपमुळे आग त्याला दुप्पट लागत नाही, पण साधी लागते, आणि पावसात जी निम्मी झाली असती ती आता दीडपट आहे. टेलविंड चार टर्नचा, त्यातले तीन गेले. पेलिपर आत्ता काढला तरी पाऊस आणायला त्याला परत यावं लागेल, म्हणजे आणखी टर्न. चौथ्या टर्नच्या शेवटी टेलविंडही संपतो. तुमच्याकडे एक वाढलेला स्पेशल अटॅक आहे, आणि तो वापरायला आर्चालुडॉन राहिलाय की नाही हे इरप्शनवर अवलंबून.

मग तुम्ही मला लिहिता: टॉर्कोलला काउंटर काय?

प्रश्न टॉर्कोलचा नाहीच. टॉर्कोलचा बेस स्पीड २०, पेलिपरचा ६५. दोन हवा आणणारे एकाच वेळी मैदानात आले तर वेगवानाची अॅबिलिटी आधी लागते आणि संथाची नंतर, म्हणून संथाची हवा उरते. लेव्हल ५०ला टॉर्कोल नेहमी २२ स्पीडवर बसवलेला असतो. पेलिपरला स्पीड कमी करणारं नेचर (स्वभाव) आणि शून्य आयव्ही (जन्मजात आकडा) दिली तरी तो ६३च्या खाली जात नाही. दोघे एका टर्नला स्विच होऊन आले तरी तेच, दोन्हीकडचे मेल्यावर एकत्र आले तरी तेच. ही शर्यत पेलिपर जिंकूच शकत नाही, त्यामुळे ती धावायचीच नाही.

पेलिपर टॉर्कोलच्या नंतर यायला हवा. त्याचा सरळ रस्ता फ्लिप टर्न. लीडला बॅरास्क्यूडा आणि आर्चालुडॉन ठेवा, पेलिपर बॅकला. पाऊस नसतानाही जॉली बॅरास्क्यूडाचा पूर्ण स्पीड २०६ भरतो, टिमिड फ्लटर मेनचा २०५ (जॉली, टिमिड ही स्पीड वाढवणारी नेचर). एका आकड्याने का होईना, पुढेच (बूस्टर एनर्जी हा आयटम स्पीडला लागला तर फ्लटर मेन ३०७, मग गोष्ट वेगळी). समोरचा टॉर्कोल आणेल असं वाटतंय त्या टर्नला फ्लिप टर्न आणि इलेक्ट्रो शॉट लावा. स्विच आधी होतो: ऊन. मग फ्लिप टर्न लागतो, बॅरास्क्यूडा परत, पेलिपर आत: पाऊस. आर्चालुडॉनला स्पीड दिलेला नसेल तर तो १०५ वर आहे, म्हणजे बॅरास्क्यूडाच्या नंतर खेळतो. त्याची पाळी येईपर्यंत पाऊस पडतोय आणि इलेक्ट्रो शॉट त्याच टर्नला सुटतो. हा क्रम डोक्यात बसला की पावसाच्या टीमचं अर्धं काम झालं.

कुठे बिघडतं तेही सांगतो. फ्लिप टर्नचं लक्ष्य प्रोटेक्ट लावून बसलं तर बॅरास्क्यूडा परत येत नाही. समोर स्टॉर्म ड्रेनवाला गॅस्ट्रोडॉन असेल तर मूव्ह तो ओढून घेतो, तेव्हाही नाही. ओगरपॉनचा पाण्याचा मुखवटा, वॉटर अॅब्सॉर्ब (पाण्याची मूव्ह गिळणारी अॅबिलिटी), इथेही तेच. आणि टॉर्कोल आलाच नाही तर तुम्ही विनाकारण एक टर्न पावसाशिवाय काढला. ती किंमत मोजावी लागते.

आता पेलिपरचा स्पीड. पूर्वी मी ठासून सांगायचो की पेलिपर जितका संथ तितका बरा. त्यामागे हिशेब होता. ईव्ही (सरावाचे गुण) न देता, साध्या नेचरवर तो ८५ असतो. तसाच वाळूचं वादळ आणणारा टायरानिटार ८१. म्हणजे चार आकड्यांनी वाळू जिंकते. सॅसी नेचर आणि शून्य आयव्ही दिली की पेलिपर ६३, टायरानिटारच्या खाली, साध्या हिप्पोडॉनच्याही (६७) खाली. शिवाय यू-टर्न उशिरा होतो, मार तो खातो आणि साथीदार धडधाकट आत येतो. हे सगळं आजही खरं आहे. पण संथ पेलिपरला टेलविंड लावायच्या आधीच समोरचा दोनदा खेळून जातो, आणि पाण्या-उडण्याच्या टाइपमुळे वीज त्याला चौपट लागते. टिमिड, पूर्ण स्पीडला तो १२८ होतो. स्पीड न दिलेल्या रिलाबूम आणि आर्चालुडॉनच्या (दोघेही १०५) आधी टेलविंड पडतो. मग कुठला घ्यायचा? टायरानिटार दिसतोय तेव्हा संथ. समोरही पेलिपरच असेल तर कुणाचा पाऊस याला अर्थच नाही, त्यांचा स्विफ्ट स्विमवालाही तुमच्या पावसात तितकाच पळतो, तिथे वेगवान. माझ्या जुन्या मताशी मी अजून भांडतोय, आणि ते पूर्ण हरलेलं नाही.

"सहाही पाण्याचे का नको" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पाऊस चांगला होणार म्हणून कुणी बांधावरसुद्धा भात लावत नाही. बॅरास्क्यूडाचा लिक्विडेशन ८५ पॉवरचा. टाइपचा दीड आणि पावसाचा दीड लावला की सुमारे १९१. तोच उन्हात ६४. हवा बदलली की एकाच मूव्हची ताकद तिपटीने खाली येते. पाण्याचे जितके जास्त, तितके उन्हात एकदम बाद होणारे जास्त. दोन पुरेत, पेलिपर धरून फार तर तीन.

स्विफ्ट स्विमवाला कुठला, यावर भांडण नको. बॅरास्क्यूडा फ्लिप टर्नसाठी आणि वेगासाठी, पावसात ४१२. लुडिकोलोला फेक आउट आहे आणि गवत त्याला दुप्पट लागत नाही, पण टिमिड असूनही पावसात २६८ च. बास्क्युलीजनचा वेव्ह क्रॅश पावसात २७० पर्यंत जातो आणि शेवटी लास्ट रिस्पेक्ट्स (साथीदार जितके मेले तितका जोर) आहे. रिकॉइलने तो स्वतःच खंगतो. दोघांना एकदम भिजवायचं तर मडी वॉटरवाला किंगड्रा. ऊर्शिफूला स्विफ्ट स्विम नाही, पण त्याचे तीन वार नेहमी क्रिटिकल जातात आणि प्रोटेक्टमधून आरपार होतात, म्हणून रेग्युलेशनमध्ये (त्या वेळच्या स्पर्धेच्या नियमांत) चालत असेल तर त्याचा विचार आधी करा.

उरलेल्या तीन जागा पावसाशिवाय जगणाऱ्यांना द्या. रिलाबूम जवळपास सक्तीचा वाटतो: गॅस्ट्रोडॉनला चौपट लागतं, फेक आउट आहे, आणि त्याने आणलेल्या ग्रासी टेरेनमध्ये अर्थक्वेक निम्मा होतो, जो आर्चालुडॉनला हवाच असतो. अर्थ पॉवर मात्र निम्मी होत नाही, याच्या भरवशावर राहू नका. अमूंगस पावसात जास्त टिकतो कारण आग निम्मी लागते. ट्रिक रूमविरुद्ध (तिच्यात संथ आधी खेळतात) तुमचा सगळा वेग उलटतो, त्यामुळे ती लावू न देणारा टॉन्ट किंवा फेक आउट कुणाकडे तरी असलाच पाहिजे. आणि प्रिव्ह्यूमध्ये टॉर्कोल, लिलिगंट, फ्लटर मेन हे उन्हावाले तिघे दिसले तर पेलिपरला घरी ठेवायचा पर्यायही खुला ठेवा. हे सांगितलं की लोक दुखावतात. पावसाच्या टीममधून पाऊसच काढायचा? कधी कधी, हो.

शेवटी डॅम्प रॉक, पाऊस लांबवणारा आयटम. पाचाचे आठ होतात हे खरं. पण टॉर्कोल आला की आठही एका स्विचमध्ये पुसले जातात, म्हणजे रॉकचा उपयोग ज्यांच्याकडे हवा बदलणारा नाही त्यांच्याविरुद्धच. त्यांच्याविरुद्ध पाच टर्नमध्ये काम व्हायला हवं, नाही झालं तर टीममध्येच काही ढिलं आहे, असं मी म्हणत आलोय. यावर उलट बाजूही आहे: प्रोटेक्ट, इन्सिनरोअरचे फेक आउट आणि पार्टिंग शॉट यांत तुमचे दोन-तीन टर्न सहज जातात, आणि विरोधक मुद्दाम पाचव्या टर्नची वाट पाहत बसतो. शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर त्याला तुमच्या पावसापुढे "५ किंवा ८ टर्न" एवढंच दिसतं, ही संदिग्धताही कामाची आहे, पण टीम शीट उघडी असलेल्या स्पर्धेत तीही जाते. फोकस सॅश दिली तर पेलिपर एक थंडरबोल्ट खाऊन उरतो आणि टेलविंड पडतो. पण मग ती सॅश बॅरास्क्यूडाला मिळत नाही, कारण एकच आयटम दोघांना देता येत नाही.

दोन्ही सेट सेव्ह करून ठेवा. लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) या आठवड्यात टॉर्कोल किती दिसतोय बघा: जास्त असेल तर सॅश, नसेल तर रॉक. पुढच्या आठवड्यात परत विचारलंत तर उलटं सांगेन, तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडावर फेकू नका.