बाहेरून ऊबदार, पोटात बर्फ

गोठवलेला उंदीर अर्ध्या तासात सापाला देण्याजोगा होतो, असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्या सर्वांवर माझा अजूनही राग आहे. अर्ध्या तासात मऊ होते ते फक्त वरचे कातडे. आतला बर्फ जसाच्या तसा राहतो, आणि त्या बर्फापायी मागच्या डिसेंबरातले जवळजवळ तीन आठवडे मी काळजीत काढले.

आम्ही बेळगावात शहापूर भागात राहतो. माझ्याकडे बॉल पायथन जातीची एक मादी साप आहे आणि बेळगावच्या कुंदा या मिठाईसारख्या तिच्या तपकिरी रंगावरून बहिणीने तिचे नाव कुंदा ठेवले आहे. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला असल्यामुळे पाळता येतो, पण तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंदणी करावी लागते. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार मी ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर केली. त्यात मला काही त्रास झाला नाही. मी अडलो तो पाण्याच्या बादलीपाशी.

गोठवलेले उंदीर पुण्याहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात येतात. बाबांना हा खर्च कधीच पटला नाही. "माळ्यावर फुकट फिरतायत, त्यांना सोडून पुण्याचे कशाला?" असे विचारून एकदा त्यांनी पिंजऱ्यात सापडलेला एक उंदीर माझ्यासमोर आणून ठेवला. घरातल्या किंवा शेतातल्या उंदराने झिंक फॉस्फाईडसारखे विष कुठे खाल्लेले असेल याचा भरवसा नसतो आणि ते विष सापालाही बाधते, म्हणून तो कधीही देऊ नये. शिवाय जिवंत उंदीर कोंडीत सापडला की सापालाच चावतो, आणि त्या जखमा चिघळतात.

तर ती डिसेंबरातली संध्याकाळ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे थंडीत इथले नळाचे पाणी हाताला झोंबते. मला एका लग्नाला जायचे होते, म्हणून मी फ्रीझरमधून 30 ग्रॅमचा एक उंदीर काढला, पिशवीत घालून बंबातल्या गरम पाण्याच्या बादलीत सोडला आणि अर्ध्या तासाने बाहेर काढला. करोनाच्या काळात आमच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कपाळावर रोखायचा जो तापमापक होता, तो मी उंदरावर रोखला. आकडा आला 37.8. सापाच्या ओठांजवळच्या खळग्यांना भक्ष्याची उष्णता जाणवते, त्यामुळे हा आकडा पाहून मी खूश झालो. कुंदाने क्षणात झडप घातली, वेटोळे आवळले आणि दहा मिनिटांत उंदीर गिळला. मी लग्नाला वेळेवर पोहोचलो, याचा त्या रात्री मला अभिमानही वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीचे दार उघडताच वास आला. सडलेल्या मांसाचा आणि आंबलेल्या पिठाचा मिळून जो वास होईल, तसा. पाण्याच्या भांड्याशेजारी अर्धवट पचलेला उंदीर पडला होता, त्याची केसांची बाजू चिकट झाली होती, आणि कुंदा दुसऱ्या टोकाला डोके लपवून बसली होती. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. आपण गाई-म्हशी आणि कुत्री पाहतो, सापाचा अनुभव फारसा नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण उलटीनंतर पोटाला विश्रांती हवी, दोन आठवडे काही देऊ नका, हातात घेऊ नका, पाणी तेवढे ताजे ठेवा, हा त्यांचा सल्ला पुढे अगदी योग्य ठरला.

ते दोन आठवडे संपता संपत नव्हते. ती रात्री काचेला नाक लावून फिरायची आणि मी हातावर हात ठेवून बसायचो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करण्याची फार इच्छा व्हायची, पण हात लावायला मनाई होती. त्याच रिकामपणात मी एक उंदीर वाया घालवायचे ठरवले. तेच बंबातले पाणी, तोच अर्धा तास, आणि तापमापकावर पुन्हा 38 च्या जवळचाच आकडा. मग जुन्या कात्रीने त्याचे पोट उघडले. कातडीखालचे मांस कोमट होते, पण आतड्यांच्या मधोमध हरभऱ्याएवढा पांढरा, कडक गोळा होता आणि तो बोटाला चक्क गार लागत होता. तो तापमापक फक्त वरच्या कातड्याचे तापमान घेतो, इतकेच नव्हे तर माणसाच्या कपाळावरून शरीराचे तापमान अंदाजाने वाढवून दाखवण्यासाठी तो बनवलेला असतो, ही गोष्ट मला तेव्हा सुचली. दोन वर्षे गिऱ्हाइकांवर रोखलेल्या यंत्रावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

सगळा दोष त्या गोळ्याचाच होता असे मी शपथेवर सांगणार नाही. त्याच रात्री दोन तास वीज गेली होती आणि पिंजऱ्याखालची गरम चटई थंड पडली होती. पचनासाठी उबेच्या बाजूला 31 ते 33 अंश लागतात. तेव्हापासून थंडीत आणि पावसाळ्यात वीज जाण्याचे लक्षण दिसले, तर मी त्या दिवशी खायला देतच नाही. एक-दोन दिवस उशीर झाल्याने सापाचे काही बिघडत नाही.

आता मी आदल्या रात्री नऊच्या सुमारास उंदीर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्यातला बर्फ आतपर्यंत वितळतो. मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून, पिशवी तरंगू नये म्हणून वर पाण्याने भरलेली वाटी ठेवून, आधी साध्या आणि नंतर 40 अंशांच्या आसपासच्या पाण्यात पंधरा-पंधरा मिनिटे बुडवतो. पाणी याहून कडक असले तर बाहेरचे मांस शिजते आणि पोट फुटते. मायक्रोवेव्हचा विचारही करू नये. शेवटी अंगठा आणि तर्जनी यांत पोट हलके दाबून पाहतो. ते मळून ठेवलेल्या कणकेसारखे सगळीकडे सारखे लागले पाहिजे. मध्ये काही टोचले तर पुन्हा पाण्यात. ओला उंदीर कुंदा तोंडात घेऊन टाकून देते, म्हणून जुन्या पंच्याने तो कोरडा करतो आणि द्यायच्या आधी फक्त डोके पुन्हा थोडे गरम करतो. लांब चिमटा वापरावा, कारण गरम बोट आणि गरम उंदीर यांतला फरक सापाला कळत नाही.

पंधराव्या दिवशी मी तिला निम्म्या वजनाचा उंदीर दिला. तिने तो घेतला, आणि पुढचे तीन दिवस मी दार उघडण्याआधी बाहेरूनच वास घेत होतो. काही आले नाही. तरीही नेहमीच्या आकारावर यायला मी आणखी दोन खेपा घेतल्या.

एक राहिले. एकदा बर्फ वितळलेला उंदीर परत गोठवू नये आणि सापाने रात्रभर तसाच टाकला तर सकाळी फेकून द्यावा. बसच्या पार्सल खिडकीवर एकदा माझे खोके दुपारपर्यंत उन्हात पडून होते. आतले उंदीर मऊ झाले होते आणि जीव तुटला तरी मी ते सगळे पुरले. खोके कडक गोठलेले हातात येईपर्यंत सही करू नये. बादली, डबा आणि पंचा वेगळेच ठेवावेत आणि हात साबणाने धुवावेत, कारण उंदीर आणि साप दोघांकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो.

आईने फ्रीझरचा एक कप्पा मला दिला आहे, पण गणपतीच्या दिवसांत देवाचे वाहन घरात गोठलेले चालत नाही, म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझे खोके बर्फासकट टिळकवाडीला मित्राकडे जाते. एरवी उंदराकडे बघायलाही तयार नसणारी आई, मी चिमटा हातात घेतला की ओट्याजवळूनच, मागे न वळता विचारते, "पोट दाबून बघितलास काय?"