४८ मीटर, एसीची नळी आणि मिठाची किरकिर

शनिवार, जानेवारी. रात्र.

युरोपातली चोरटी, म्हणजे विनापरवाना, रेडिओ केंद्रं शनिवार-रविवारी हवेवर येतात, ती बहुतेक ६२०० ते ६४०० किलोहर्ट्झच्या, म्हणजे ४८ मीटरच्या, पट्ट्यात. बरीचशी हॉलंडची, साध्या एएमवर, पोल्का आणि जुनी डच गाणी लावणारी. ताकद काही दहा वॉटपासून काही शे वॉटपर्यंत. तिकडच्या श्रोत्यांची लाडकी वेळ म्हणजे रविवारची सकाळ, आणि तीच आपल्याला निरुपयोगी. नऊ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे गोव्यात दुपारचे अडीच. तेव्हा रेडिओलहरी परतवणाऱ्या आयनावरणाचा खालचा डी थर ६ मेगाहर्ट्झ जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. गोवा ते हॉलंड अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. हा सगळा पल्ला अंधारात असेल तेव्हाच काही लागलं तर लागतं. म्हणजे थंडीच्या दिवसांत शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर, तिकडे संध्याकाळ रंगात आलेली असते तेव्हापासून, आपल्या सूर्योदयापर्यंत. उजाडण्याआधीच्या अर्ध्या तासात सिग्नल कधी कधी अचानक वर येतो, पण त्या वेळी तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि बहुतेकांनी बटण बंद केलेलं असतं.

डायल फिरवण्याआधी हॉलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा तिथला रिसीव्हर, उघडून कोण हवेवर आहे ते बघून घ्यावं. ही लबाडी नव्हे. केंद्र मुळात चालूच नसेल तर अँटेनाला दोष कशाला द्यायचा? फक्त तिथे ऐकलेलं आपल्या नोंदवहीत घालू नये.

नवशिक्याचा पहिला विचार असतो लांब तार. दोन माडांमध्ये तीस-चाळीस मीटर ताणली की सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा वर जातो आणि माणूस खूश होतो. पण काट्यासोबत शेजारच्या घरांतले एलईडी दिवे, राउटरचे अडॅप्टर, इन्व्हर्टर एसी सगळेच आत येतात. ६ मेगाहर्ट्झवर प्रश्न सिग्नल किती मोठा हा नसतोच. गोंगाटाच्या वर तो किती येतो हा असतो. शिवाय लहान पोर्टेबल सेटला इतकी तार झेपत नाही, जवळचं जोरदार केंद्र त्याच्या पोटात पटीच्या फ्रिक्वेन्सीवरही उमटतं. पणजी आकाशवाणीच्या १२८७ किलोहर्ट्झची पाचपट म्हणजे ६४३५. तिथे ओळखीचे आवाज आले तर ते हवेतून आलेत की सेटच्या पोटात तयार झालेत हे ओळखायची सोपी युक्ती आहे. सिग्नल उतरवणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावा. आवाज १० पेक्षा खूप जास्त पडला तर तो सेटचा स्वतःचा उद्योग.

गोंगाट आधी घरातला शोधायचा. सेट बॅटरीवर, घराचा मेन स्विच बंद. किरकिर गेली तर चोर घरातच. राहिली तर बाहेर जा. किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक प्रकार आहे. पाऊस थांबला की विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवर समुद्राचं मीठ साचत जातं. कोरडं असेपर्यंत ते काही करत नाही. पहाटे दव पडलं की तो थर वीजवाहक होतो, मधेमधे सुकतो आणि त्या सुक्या पट्ट्यांवर ठिणग्या उडतात. रेडिओत शंभर हर्ट्झची जाडसर गुरगुर येते ती ही. नेमकी आपल्या कामाच्या वेळी! जोराचा पाऊस मीठ धुऊन नेतो. तोवर गुरगुरीकडे अँटेनाची पाठ करणं एवढंच आपल्या हातात.

पाठ करता येते ती वळवता येणाऱ्या लूपची, म्हणजे कड्याच्या आकाराच्या अँटेनाची. यासाठी एसी बसवणाऱ्याकडची तीन अष्टमांश इंची मऊ तांब्याची नळी घ्यावी, सव्वातीन मीटर. तिचं एक मीटर व्यासाचं कडं. त्याचं इंडक्टन्स साधारण २.९ मायक्रोहेन्री, म्हणजे ६.३ मेगाहर्ट्झला २१७ पिकोफॅरड लागतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा दुहेरी गँग (फिरवून बदलता येणारा) कंडेन्सर इथे सोन्यासारखा. नळीची दोन टोकं दोन स्टेटरना (स्थिर प्लेटांना) जोडायची, रोटर (फिरत्या प्लेटा) कशालाच नाही. दोन्ही विभाग मालिकेत येऊन जास्तीत जास्त २५० पिकोफॅरड मिळतात आणि रोटरचा घासता संपर्क वाटेतून निघून जातो. गँग ३६५चा असेल तर मालिकेत १८२च मिळतात, लूप ६.९ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. मग ४७ पिकोफॅरडचा माइका कंडेन्सर समांतर लावावा.

घासत्या संपर्काची एवढी भीती का? या कड्याचा स्वतःचा रोध ओहमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, आणि ६.३ला त्याचा रिअ‍ॅक्टन्स ११६ ओहम. नुसत्या नळीचा क्यू, म्हणजे ट्यूनिंगच्या टोकदारपणाचं माप, हजाराच्या वर जातो. त्यात हिरवट पडलेला एक सांधा अर्ध्या ओहमचा घातला की क्यू दोनशेवर येतो आणि लूप मंद होतो. म्हणून स्क्रूने आवळू नये, सोल्डर करावं. साधी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री नळी तापवूच शकत नाही, तांबं उष्णता ओढून घेतं. टोकं हातोडीने चपटी करून त्याच एसीवाल्याकडून डाग मारून घेणं उत्तम. गॅसचा टॉर्च त्याच्याकडे असतोच. मग सांध्यावर वॉर्निशचा हात. गँग झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावा, नाहीतर प्लेटांमध्ये कोळी संसार थाटतो.

सेटकडे नेण्यासाठी मोठ्या कड्याच्या तळाशी, गँगच्या बरोबर समोर, वीस सेंटीमीटर व्यासाचं इन्सुलेटेड तारेचं छोटं कडं बसवतात. त्याच्या टोकांना कोअॅक्स. डिश टीव्हीची आरजी-६ केबल चालते, पण तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, सोल्डर धरत नाही. एफ कनेक्टरच वापरावा. सेटच्या टोकाला केबलचे दहा-बारा वेढे ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर घ्यावेत. ते नसले तर घरातला गोंगाट केबलच्या बाहेरच्या अंगावरून चालत येतो आणि लूप फिरवून काही फरक पडत नाही. लोक मग लूपला नावं ठेवतात.

जागा: स्लॅबच्या घरात लूप ठेवू नका, सळ्या त्याला बिघडवतात. कौलारू घरात पडवीतही चालतो. कड्याची धार वायव्येकडे, कारण हॉलंड साधारण ३२१ अंशांवर. पण आयनावरणातून येणाऱ्या सिग्नलला दिशा फारशी कळत नाही, जवळच्या गोंगाटाला मात्र लूपची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकदार लागते. त्यामुळे आधी गोंगाट सर्वांत कमी होईल तिथे लूप वळवा, हॉलंडचं नंतर बघू. गँग फिरवताना प्लास्टिकची दांडी वापरा आणि वीस-तीस किलोहर्ट्झ सरकलात की पुन्हा शिखरावर आणा.

तपासायला चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र धरावं, १०००० किलोहर्ट्झवर ते अहोरात्र असतं. दोन अँटेना बदलून बघताना काटा नव्हे, टिकटिक किती स्पष्ट आहे ते ऐकायचं.

रविवार.

चोरटा रेडिओ गोव्याला परका नाही. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांचं ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलातून, पुढे कॅसलरॉकहून, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये, १९६१पर्यंत. त्यांच्यासाठी लपणं ही गरज होती. आज विनापरवाना प्रसारण हा सरळ गुन्हा आहे. ज्याला बोलायचंच आहे त्याने हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्यावी. ऐकायला परवाना लागत नाही.

केंद्र सापडलं तर रिपोर्ट पाठवावा. वेळ यूटीसीमध्ये, फ्रिक्वेन्सी, सिनपो (ऐकू येण्याच्या दर्जाचे पाच आकडे) आणि निदान पाच-दहा मिनिटांतली गाणी किंवा बोललेला मजकूर. ‘छान ऐकू आलं’ एवढं लिहिलं तर कोणी क्यूएसएल, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, देत नाही. ध्वनिमुद्रणाचा छोटा तुकडा जोडला तर काम लवकर होतं, कारण ७२०० किलोमीटरवरून कोणी ऐकलं यावर त्यांचाही चटकन विश्वास बसत नाही.